तोफेचा डोळा : गांधीनगरच्या लष्करी विमानतळाची हकीगत

आळेफाट्यावर नाशिकची एस.टी. धरली म्हणजे बोटा, घारगाव, संगमनेर, सिन्नर अशी गावे एकामागून एक मागे पडतात. नाशिकरोड ओलांडून गाडी द्वारकेच्या दिशेला लागली, की उपनगरच्या पुढे गांधीनगर येते. सरकारी छापखान्यामुळे हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. याच भागात लष्कराचे एक विमानतळ आहे. तेथून उठलेले हेलिकॉप्टर कधी कधी इतके खालून जाते की गाडीतली माणसे खिडकीतून माना बाहेर काढतात, आणि कोणीतरी जाणत्या आवाजात सांगतो, "ओझरचं असंल." ते ओझरचे नसते. ओझर नाशिकच्या पलीकडे, मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. तेथे १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. गांधीनगरला कारखाना नाही, शाळा आहे. भूदलातले अधिकारी येथे हेलिकॉप्टर चालवावयास शिकतात.

आता वर्गातले एखादे चौकस पोर येथे हमखास विचारील, की गुरुजी, उडण्यासाठी हवाई दल वेगळे आहे ना? मग पायी चालणाऱ्या लष्कराला वैमानिक कशाला हवेत? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर विमानापाशी सापडत नाही, ते तोफेपाशी सापडते. म्हणून आपल्यालाही आधी तोफेपाशी जावे लागेल.

जुन्नरच्या माणसाला टेहळणी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. नाणेघाटाच्या वाटेवर जीवधन आणि चावंड उभे आहेत ते काय उगाच? उंचावर जो उभा, त्याला शत्रू आधी दिसतो. जुन्या काळी तोफ डागणाऱ्याला आपले लक्ष्य डोळ्यांनी दिसत असे. पुढे तोफांचा पल्ला वाढला. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली पंचवीस पौंडी तोफ घ्या. तिचा गोळा बारा किलोमीटरच्या आसपास जाई. म्हणजे ओतूरच्या वेशीवर तोफ मांडली, तर गोळा माळशेजच्या वाटेवर डिंगोऱ्याच्याही पुढे पडावयाचा. पण ओतूरला उभ्या असलेल्या गोलंदाजाला डिंगोऱ्यापलीकडचे काय दिसणार? मध्ये झाडी, मध्ये टेकाड. तोफेचा हात लांब झाला आणि डोळा मात्र होता तेवढाच राहिला.

यावर उपाय असा, की एक अधिकारी पुढे जाऊन एखाद्या उंचवट्यावर बसतो आणि गोळा कोठे पडला ते तोफेला कळवतो. ही रीत शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी; तिच्यात गणितही आहे. आंब्याच्या झाडावरची कैरी दगडाने पाडताना मुले काय करतात? पहिला दगड कैरीच्या पलीकडे गेला, दुसरा अलीकडे पडला, की हाताला अंदाज येतो आणि तिसरा मधोमध जातो. तोफेचेही तसेच. पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला, तर निरीक्षक सांगतो, "चारशे कमी करा." दुसरा अलीकडे पडला, की लक्ष्य या दोहोंच्या मध्ये आहे हे नक्की झाले. मग "दोनशे वाढवा", मग "शंभर कमी करा", असे अंतर निम्म्यानिम्म्याने तोडत जावयाचे. गोळा जागेवर पडला, की मग सगळ्या तोफा एकदम सुरू. पण हे सगळे चालते ते निरीक्षकाला गोळा पडताना दिसला तर. मैदान सपाट असेल, जंगल दाट असेल, किंवा उंच जागा शत्रूच्याच ताब्यात असेल, तर तो बसणार कोठे?

डोंगर नसेल तेथे उंची कोठून तरी आणावी लागते. पहिल्या महायुद्धात दोराला बांधलेल्या फुग्याखाली टोपलीत माणसे बसवून वर सोडीत. विमानेही वापरू लागले होते. आणि येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मराठी मुलखातली असून आपल्यालाच फारशी ठाऊक नाही. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादेजवळ घोडदळाच्या लुटुपुटीच्या लढाया भरल्या होत्या. त्या सुमारास ब्रिस्टॉल कंपनीने आपली विमाने दाखवण्याकरिता हिंदुस्थानात आणली होती. लाकूड आणि कापड यांचा तो सांगाडा. पेटीच्या आकाराच्या पतंगासारखा दिसे, म्हणून त्याला 'बॉक्सकाइट' म्हणत. झुलेरो नावाचा फ्रेंच वैमानिक ते चालवी. ब्रँकर नावाचा तोफखान्याचा एक कॅप्टन त्याच्या मागे बसून वर गेला, आणि समोरच्या पक्षाचे स्वार कोठे आहेत ते वरून पाहून त्याने खबर आणली. लष्कराने विमानातून टेहळणी करण्याचा या देशातला हा अगदी आरंभीचा प्रयोग, आणि तो करणारा माणूस होता तोफखान्याचा! हा ब्रँकर पुढे इंग्लंडात मुलकी विमानखात्याचा प्रमुख झाला आणि १९३० साली आर-१०१ या प्रचंड वायुनौकेच्या अपघातात गेला.

हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला उभी राहिली, चार वापिटी विमानांवर. तिचेही मुख्य काम भूदलाला मदत करण्याचेच होते. परंतु पुढे हवाई दलाची विमाने मोठी झाली, वेगवान झाली, त्यांची कामे वाढली. तोफखान्याला पाहिजे तेव्हा, पाहिजे तेथे विमान मिळेना. आणि मिळाले तरी वर बसलेल्या वैमानिकाला तोफेची भाषा येईना. तेव्हा इंग्रजी तोफखान्यातल्या बेझली नावाच्या एका कॅप्टनाने एकच धोशा लावला. त्याचे म्हणणे असे, की वैमानिकाला तोफखाना शिकवण्यापेक्षा गोलंदाजाला विमान शिकवणे सोपे आहे. विमान मोठे नको, शस्त्रेही नकोत. शेताच्या तुकड्यावरून उठेल आणि शेतातच उतरेल असे लहानसे पुरे. वरच्यांना ही कल्पना पुष्कळ दिवस पटली नाही. पण १९४० साली फ्रान्समध्ये टेहळणीची मोठी विमाने जर्मनांनी पटापट पाडली, तेव्हा तिचा विचार करणे भाग पडले. १९४१ च्या ऑगस्टात या कामाची पहिली तुकडी इंग्लंडात तयार झाली. कामाला नाव पडले 'एअर ओ.पी.', म्हणजे हवेतली निरीक्षण चौकी.

तिचे विमान होते 'ऑस्टर'. नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, पंख डोक्यावर, म्हणजे खालचे नीट दिसावे. आत एकच माणूस. त्याने विमान चालवावयाचे, मांडीवरचा नकाशा वाचावयाचा, गोळा कोठे फुटला ते पाहावयाचे आणि बिनतारीवर तोफेशी बोलावयाचे, हे सगळे एकाच वेळी! अंगावर चिलखत नाही, विमानाला बंदूक नाही. आपल्याच तोफांच्या मागच्या बाजूला, झाडांच्या शेंड्यांलगत उडावयाचे, घटकाभर वर येऊन पाहून घ्यावयाचे आणि पुन्हा खाली दडावयाचे. शत्रूचे लढाऊ विमान आले तर पळणे एवढेच हाती. त्याला भित्रा मात्र कोणी म्हणू नये.

अशी एक तुकडी, क्रमांक ६५६, मेजर कॉइल याच्या हाताखाली सप्टेंबर १९४३ मध्ये मुंबईस उतरली आणि पुढे ब्रह्मदेशाच्या जंगलात चौदाव्या सेनेबरोबर युद्ध संपेपर्यंत राहिली. युरोपातली लढाई संपल्यावर ६५९ क्रमांकाची दुसरी तुकडी हिंदुस्थानात आली. १४ ऑगस्ट १९४७ रोजी लाहोर येथे ती मोडली. फाळणीत टेबलखुर्च्यांपासून तोफांपर्यंत सगळ्यांची वाटणी झाली, तशी या विमानांचीही झाली. त्याच महिन्यात भारताचे पहिले एअर ओ.पी. पथक उभे राहिले, आणि थोड्याच दिवसांत काश्मीरच्या लढाईवर गेले.

आता नाशिककडे वळू. तोफखान्याची शाळा पूर्वी काकूलला होती. ते गाव आज पाकिस्तानात आहे. आपल्या तोफखान्याची शाळा देवळालीची. देवळाली ही जुनी छावणी. विलायतेला परत जाणारे गोरे शिपाई बोटीची वाट पाहत येथे महिनोन्महिने पडून राहात. उकाडा आणि रिकामपण यांनी कित्येकांची डोकी फिरत. त्यावरून वेडसर माणसाला इंग्रजीत 'डुलाली' म्हणू लागले. तो शब्द अजून त्यांच्या भाषेत आहे. असो. देवळालीच्या पश्चिमेस डोंगराळ, मोकळा मुलूख आहे. तोफांच्या माऱ्याला अशी जागा लागतेच. बहुला नावाचा किल्ला तर माऱ्याच्या हद्दीतच सापडला आहे; तेथे परवानगीवाचून कोणाला जाता येत नाही. आपल्याकडची किल्ले पाहणारी मुले उत्साही असतात, म्हणून एवढे सांगून ठेवतो. न फुटलेला गोळा वर्षानुवर्षे मातीत पडून राहतो, आणि भंगार म्हणून उचलणाऱ्याच्या हातात तो फुटू शकतो. मनाईच्या पाट्या उगाच लावलेल्या नसतात.

देवळालीस तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला नव्या गोलंदाजांच्या शिक्षणाचे केंद्र आणि जवळच गांधीनगरला उड्डाणाचा तळ, हा शेजार मला तरी योगायोगाचा वाटत नाही. शिकाऊ निरीक्षकाला विमान लागते तसे खाली खरे गोळेही पडावे लागतात. पुस्तकात वाचून गोळ्याचा धूर ओळखता येत नाही.

ऑस्टर विमाने पुष्कळ वर्षे चालली. ती जुनी होऊ लागली तेव्हा त्यांच्या जागी आलेले विमान भारतातच बनलेले होते, आणि त्याचे नाव ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. नाव होते 'कृषक'! लष्करी विमानाला शेतकऱ्याचे नाव. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते तयार झाले. पहिले उड्डाण १९५९ साली आणि लष्करात दाखल १९६५ च्या सुमारास. या कारखान्याच्या आरंभीच्या विमानांमागे डोके होते डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे. हे गृहस्थ आपले मराठी. जन्म १९०८ सालचा, कोल्हापुराकडे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यातला. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतीचे शास्त्र शिकून डॉक्टरेट मिळवली. त्यांचे एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले, आणि भारतीय वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी त्यावर पहिले धडे घेतले. खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींनी हे नाव फळ्यावर लिहावे असे आहे.

१९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत एअर ओ.पी.च्या वैमानिकांनी शत्रूच्या आघाडीला लागून उड्डाणे केली. मात्र तोवर पंखांच्या विमानाचे दिवस सरत आले होते आणि हेलिकॉप्टर आले होते. त्याला धावपट्टी लागत नाही, आणि एका जागी अधांतरी थांबून ते खालचे पाहू शकते. निरीक्षकाला आणखी काय पाहिजे? प्रथम 'चेतक' आले, राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन. मग आले 'चीता'. दोन्ही मूळची फ्रेंच. पुढे आपल्याकडे बंगळूरला बनू लागली. चीताचा मूळ नमुना तर फ्रेंचांनी भारतीय सैन्याची गरज पाहूनच आखला होता, कारण आपल्याला हिमालयात, विरळ हवेत उडणारे यंत्र हवे होते. १७ मार्च १९६९ रोजी तो नमुना प्रथम उडाला.

हेलिकॉप्टर चालवणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. डावा हात एका दांड्यावर. त्याने यंत्र वर किंवा खाली जाते. उजवा हात दुसऱ्या दांड्यावर. त्याने ते पुढे, मागे, बाजूला झुकते. डोक्यावरचा पंखा एका अंगाने फिरू लागला, की खालचे धड उलट्या अंगाने गरकन फिरू पाहते. शेपटीवरचा लहान पंखा त्याला रोखतो, आणि त्या लहान पंख्याची सूत्रे पायांत. यांतले एक हलवले, की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. वेगाने पुढे जाणे त्या मानाने सोपे. जमिनीपासून थोडे वर, एका जागी स्थिर राहणे हे नवशिक्याला सर्वांत जड. यंत्र हत्तीच्या पिल्लासारखे इकडेतिकडे धावते म्हणा ना.

आणि इंजिन बंद पडले तर? पुष्कळांची समजूत अशी, की हेलिकॉप्टर मग दगडासारखे कोसळते. तसे नाही. वैमानिकाने लगेच डावा दांडा खाली केला, तर पडता पडता खालून येणाऱ्या हवेने डोक्यावरचा पंखा भिंगरीसारखा फिरत राहतो, आणि जमिनीजवळ त्या फिरण्याचाच उपयोग करून अलगद उतरता येते. हा धडा प्रत्येक शिकणाऱ्याकडून घोटून घ्यावा लागतो. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने चीताच्याच मूळ नमुन्यावर १२,४४२ मीटर उंची गाठली. एव्हरेस्टच्या माथ्यापासून साडेतीन किलोमीटर वर! तेथे कडाक्याच्या थंडीत इंजिन विझले. बुले तेवढ्या उंचीवरून याच रीतीने, इंजिनावाचून, सुखरूप खाली आला.

आता एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. इतकी वर्षे हे वैमानिक तोफखान्याचे, पण यंत्रे आणि त्यांची देखभाल हवाई दलाकडे, अशी दुहेरी व्यवस्था होती. बैल एकाचे, नांगर दुसऱ्याचा. अशा वाट्यात धुसफूस व्हावयाचीच. भूदल म्हणे, आमच्या लढाईला आमची विमाने हवीत. हवाई दल म्हणे, उडणाऱ्या वस्तूंची विद्या एकाच घरात असावी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. खर्चाच्या दृष्टीने हवाई दलाची बाजू हलकी नव्हती. परंतु ज्याला रणांगणावर रात्री-अपरात्री यंत्र हवे, त्याच्या हाती ते असावे, हा विचार अखेर सरस ठरला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी 'आर्मी एव्हिएशन कोअर' हे भूदलाचे स्वतंत्र उड्डाणदल स्थापन झाले. दुसऱ्याच वर्षी त्याची हेलिकॉप्टरे श्रीलंकेत कामाला लागली.

यामुळे शिक्षणाचा प्रश्नही बदलला. पूर्वी थोड्या गोलंदाजांना उडावयास शिकवले की भागत असे. आता संपूर्ण दलाला वैमानिक पाहिजेत आणि ते शिकवणारे शिक्षकही पाहिजेत. पायदळ, रणगाडे, इंजिनियर अशा निरनिराळ्या शाखांतले अधिकारी स्वखुशीने येऊ लागले. गांधीनगरच्या शाळेला २००३ साली आजचे स्वरूप आले. तिचे नाव 'कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल'. येथे येणारा कोवळा पोरगा नसतो; तो आधीच सैन्यातला अधिकारी असतो, जवानांना हुकूम दिलेला. तरी येथे त्याला पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागते : हवामान, यंत्राची रचना, नकाशा, मग शिक्षकाच्या शेजारी बसून उड्डाण, आणि एके दिवशी एकट्याने. अभ्यासक्रम पुरा झाला की छातीवर पंखांचे चिन्ह लावतात. सर्वांत वरचा क्रमांक येईल त्याला 'सिल्व्हर चीता' हे पारितोषिक.

हे पंख किती महाग आहेत ते सियाचीनला कळते. १३ एप्रिल १९८४ पासून आपले सैन्य त्या बर्फाच्या नदीवर आहे. वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर रॉकेलचा डबा न्यावयाचा असो की थंडीने पाय काळे पडलेला जवान खाली आणावयाचा असो, भिस्त चीतावर. तेथे हवा इतकी विरळ, की यंत्रात किती किलो घ्यावयाचे याचा हिशेब करूनच उडावे लागते. पण जे यंत्र १९६९ च्या नमुन्यावर बनले, ते २०२४ सालीही उडत होते. त्याच्या अपघातांत वैमानिक गेले, आणि वैमानिकांच्या घरच्या मंडळींनी, विशेषतः पत्नींनी, ही जुनी हेलिकॉप्टरे बदला म्हणून दिल्लीत उघडपणे मागणी केली. त्यांच्या जागी घ्यावयाच्या हलक्या भारतीय हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण ६ सप्टेंबर २०१६ रोजी बंगळूरला झाले. त्यानंतरही जुन्यांवरच काम चालू राहिले. शिकवणारी शाळा कितीही चांगली असो, यंत्राचे वय ती कमी करू शकत नाही. शौर्याचे पोवाडे गाताना ही बाजू आपण विसरतो.

मुलींच्या बाबतीत हे दार उशिरा उघडले. भूदलाच्या उड्डाण शाखेत स्त्री अधिकारी होत्या, पण त्यांना जमिनीवरची कामे आणि विमानवाहतुकीचे नियंत्रण एवढेच दिले जाई. २०२१ साली प्रथमच दोन स्त्री अधिकाऱ्यांची वैमानिकाच्या शिक्षणासाठी निवड झाली. २५ मे २०२२ रोजी गांधीनगरच्या समारंभात कॅप्टन अभिलाषा बराक यांनी ३६ इतर वैमानिकांबरोबर पंखांचे चिन्ह स्वीकारले. भूदलाच्या त्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक. त्या मूळच्या हरियाणाच्या आणि त्यांची मूळची शाखा हवाई संरक्षणाची, म्हणजे शत्रूची विमाने खालून तोफांनी पाडणाऱ्यांची. १९९४ पर्यंत ही शाखा तोफखान्यातच मोडत असे.